यंत्रं खोलणाऱ्या लेकरासाठी पुस्तक कसं निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सोलापूर आणि आसपासच्या आई-वडिलांनी, आजोबांनी, काही शिक्षिकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथं एकाचा धागा दुसऱ्यात आहे तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पुस्तकांची यादी मुद्दाम दिलेली नाही. यादीतलं पुस्तक नेमकं दुकानात नसतं, आणि दुकानदार दाखवतो ते यादीत नसतं.

१. पोरगं आठ वर्षांचं आहे. रिमोट, घड्याळ, टॉर्च, हाताला लागेल ते खोलतं. कुठलं पुस्तक घेऊन देऊ?

आधी चार दिवस नुसतं बघा. काही पोरं वस्तू खोलतात, आत डोकावतात आणि समाधानानं उठून जातात. त्यांना यंत्राचं पोट दाखवणारं पुस्तक लागतं. काही पोरं खोलण्यात रमत नाहीत. त्यांना निघालेल्या मोटरीचं दुसरंच काहीतरी करायचं असतं. त्यांना कृतींचं पुस्तक द्या. दोन्हींची खिचडी असलेली जाडजूड पुस्तकं बहुतेक वेळा दोघांनाही अर्धपोटी ठेवतात.

दुकानात जाण्याआधी त्याचे अलीकडचे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून घ्या. कुकरची शिट्टी नाचते कशी? शिलाई मशीनच्या वरच्या दोऱ्यात खालचा दोरा अडकतो कसा? मग पुस्तक उघडून त्या प्रश्नांच्या जवळपास जाणारं पान सापडतं का ते पाहा.

माझा नियम सोपा आहे. पुस्तकातल्या निम्म्या वस्तूंना घरात, गल्लीत किंवा ओळखीच्या गॅरेजात हात लावता आला पाहिजे. अवकाशयानाचं पुस्तक देखणं असतं, पण त्यात लिहिलेलं खरं की खोटं हे आठ वर्षांच्या पोराला तपासता येत नाही. सायकलीचं येतं.

२. मुखपृष्ठावर ‘वय ८ ते १२’ लिहिलेलं असतं. ते पाळायचं का?

तो आकडा वाचनाचा अंदाज असतो, डोक्याचा नाही. यंत्रात रमलेलं सात वर्षांचं पोर मोठ्यांच्या पुस्तकातली आकृती तासभर बघत बसतं आणि त्याच पानावरचा मजकूर त्याला वाचता येत नाही. तेव्हा आकृती त्याच्या डोक्याप्रमाणे निवडा आणि मजकूर तुम्ही वाचून दाखवा. वय काटेकोर पाळायचं ते एकाच बाबतीत, विजेच्या आणि आगीच्या प्रयोगांत. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

३. मला स्वतःला यंत्रातलं काही कळत नाही. दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चांगलं की टाकाऊ, कसं ओळखू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे. मजकूर सोडा, आकृत्या तपासा. आकृती चुकली असेल तर मजकुरावर भरवसा ठेवायचं कारण नाही.

पहिली परीक्षा दातेरी चाकांची. अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठावर हमखास तीन चाकं एकमेकांत अडकवून त्रिकोणात मांडलेली असतात. ती फिरूच शकत नाहीत. एकमेकांत अडकलेली दोन चाकं नेहमी उलट दिशांनी फिरतात. पहिलं उजवीकडं फिरलं तर दुसरं डावीकडं जाणार, आणि तिसरं दोघांनाही टेकलेलं असल्यामुळे त्याला एकाच वेळी उजवीकडं आणि डावीकडं फिरावं लागेल. म्हणजे सगळंच जाम. मुखपृष्ठ करणारा चित्रकार वेगळा असतो हे मान्य, त्यामुळे एवढ्यावरून पुस्तक टाकू नका. आतल्या पानावरही तसंच असेल तर मात्र खाली ठेवा.

दुसरी परीक्षा सायकलीची. साखळी पायडलच्या चक्रापासून फक्त मागच्या चाकाला गेली आहे का? साखळी पुढच्या चाकापर्यंत नेऊन पोचवलेली चित्रंही छापली जातात! तशी सायकल वळणारच नाही. साखळी बरोबर असेल तर पुढं वाचा. फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचा, उल्लेख आहे का? पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं, उलटं पायडल मारलं की मागून कटकट आवाज येतो. तो आवाज आतल्या स्प्रिंगवर बसलेल्या खिट्ट्यांचा, त्या दात्यांवरून घसरत जातात. हे ज्यानं लिहिलं त्यानं सायकल उघडून पाहिली आहे. दात्यांचा हिशेब दिला असेल तर आणखी चांगलं. पुढच्या चक्राला ४४ आणि फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरतं. हे पोराला अंगणात सायकल उलटी करून, चाकाच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवून मोजता येतं.

तिसरी परीक्षा थोड्या मोठ्या मुलांच्या पुस्तकासाठी, मोटरसायकलच्या इंजिनाची. चार चित्रं शेजारी शेजारी असतात. पहिल्यात पिस्टन, म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात सरकणारा दट्ट्या, खाली येतोय आणि आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा. दुसऱ्यात पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. तिसऱ्यात ठिणगीनंतर पिस्टन खाली, दोन्ही बंदच. चौथ्यात पिस्टन वर आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा. हे चार ओळींचं ज्ञान फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात ताडून पाहा. तिसऱ्या चित्रात एखादा व्हॉल्व्ह उघडा दिसला तर ते चित्र कुठून तरी न समजता उतरवलेलं आहे.

आणि एक. भागांची नावं असतात तशी त्यांना जोडणाऱ्या गोष्टींचीही दखल आहे का पाहा. स्क्रू, वॉशर, बुश, पिन, छर्रे. जे पुस्तक वॉशर कशाला असतो ते सांगतं, ते बाकीचंही नीट सांगतं असा माझा अनुभव आहे.

४. चकचकीत फोटोंचं घ्यावं की काळ्या रेषांच्या चित्रांचं?

रेषांचं. फोटोत यंत्राचं झाकण दिसतं. कापून दाखवलेलं चित्र आणि भाग एकेक सुटे करून ओळीनं मांडलेलं चित्र, ही दोन असतील तर कागद पिवळट असला तरी चालेल. मोटरसायकलींच्या स्पेअर पार्टच्या कॅटलॉगात अशी चित्रं पानोपानी असतात. गॅरेजवाल्या मामांकडं जुना कॅटलॉग पडून असेल तर मागून बघा. काही पोरांना त्याच्यापुढं दुसरं काही नको असतं.

५. मराठीत अशी पुस्तकं आहेत का? की इंग्रजीच घ्यावं लागतं?

आहेत, पण एका जागी नाहीत. कृतींसाठी सगळ्यात आधी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ पाहा. काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या, जुन्या रिफिली यांपासून करायची खेळणी, आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात आणि त्यांत विज्ञानाची बरी निवड सापडते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. जुने अंक ऑनलाइन वाचता येतात, आणि जुन्या अंकांत ‘हे कसं चालतं’ छापाचे लेख शोधण्यातही मजा आहे. मराठी विश्वकोशही ऑनलाइन फुकट आहे. त्याची भाषा जड, पण पंप, घड्याळ, शिवणयंत्र यांच्यावरच्या नोंदी पक्क्या. पोराला थेट देऊ नका, आपण वाचून सांगा.

कमी मिळतं ते मधलं. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोरासाठी, मराठीत, यंत्राचं पोट उघडून दाखवणारं. तिथं इंग्रजी पुस्तक घेऊन आकृत्यांवर पेन्सिलीनं मराठी नावं लिहायची. पोरालाच लिहायला लावा, पुस्तक खराब होईल म्हणून घाबरू नका.

६. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा इंग्रजी. पुस्तक कुठल्या भाषेतलं?

सोलापूरच्या पूर्व भागातून हा प्रश्न नेहमी येतो, अक्कलकोटकडून कानडीबद्दल येतो. घरातलं जे माणूस रोज रात्री पोराजवळ बसणार आहे, त्याला न अडखळता वाचता येईल त्या भाषेतलं. वाचून दाखवायला कुणीच नसेल तर शाळेच्या भाषेतलं. गप्पा घरच्या भाषेत होतातच, त्याची काळजी नको.

७. सोलापुरात कुठं मिळतील?

नवी पेठेतल्या दुकानांत शालेय पुस्तकांचाच भरणा जास्त. तरी विचारा, मागणी दिसली की मागवून देतात. पुस्तक प्रदर्शनं लागतात तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. कथांच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली अशी एखाद-दुसरीच प्रत असते. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात फक्त बालविभागात शोधून परत येऊ नका. हवं ते पुस्तक मोठ्यांच्या तंत्रविद्येच्या कपाटात असायची शक्यता जास्त.

सहसा कुणाच्या लक्षात येत नाही अशी एक जागा आयटीआयची पुस्तकं. फिटर, टर्नर, डिझेल मेकॅनिक या ट्रेडच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत कानस कशी धरायची, व्हर्निअरवर, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीवर, माप कसं वाचायचं हे सगळं आकृत्यांसह असतं. गल्लीत कुणी आयटीआय झालेलं असेलच. बारा वर्षांच्या पुढच्या, हातात पाना घेणाऱ्या पोराला ही जुनी प्रत भेट दिली तर ते खूश होतं. त्यात परीक्षेचे रटाळ प्रश्नही असतात, तेवढे सोडून द्यायचे.

८. आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे. पोरगं सुट्टीत मागापाशीच असतं. मागावर काही पुस्तक मिळेल का?

लहान मुलांसाठी, मराठीत, फक्त मागावर असं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. पण मागवाल्याच्या घरी पुस्तकाची अर्धी सामग्री आधीच आहे. म्हणून साध्या यंत्रांचं पुस्तक घ्या: तरफ, कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारं वेडंवाकडं चाक), क्रँक (फिरण्याचं पुढंमागं करणारा वाकडा दांडा), पट्टा, दातेरी चाक. मग माग बंद असताना एकेक गोष्ट शोधायला लावा. मागाची मुख्य कामं तीन. ताण्याचे (उभे) धागे वर-खाली उघडणं, त्या फटीतून बाण्याचा (आडवा) धागा घेऊन धोटा फेकणं, आणि फणीनं तो धागा ठोकून बसवणं. फणी पुढंमागं नेणारा क्रँक कुठला, धोट्याला फटका देणारा कॅम कुठला, हे पोरानं पुस्तकातल्या चित्राशी ताडून काढलं की ते पान त्याच्या डोक्यात कायमचं बसतं.

चादरीच्या मागावर पुठ्ठ्यांचं जॅकार्ड, म्हणजे नक्षीसाठी कुठले धागे उचलायचे ते ठरवणारं यंत्र, असेल तर तुमच्याकडं खजिनाच आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोझेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती तयार केली. पुठ्ठ्याला भोक असेल तिथं सुई आत शिरते, हूक जागेवर राहतो आणि वरची पट्टी त्याला धाग्यासकट उचलते. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते, हूक पट्टीवरून सुटतो आणि तो धागा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक फेक. जुना निकामी पुठ्ठा घरी आणा. चौकटीच्या वहीत एकेक घर काळं करत पोराला छोटं फूल काढायला सांगा, आणि काळं घर म्हणजे भोक असं समजून पुठ्ठे कापायला लावा. पुढं १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हरमन हॉलेरिथनं भोकं पाडलेल्या कार्डांवरच मोजणी केली, आणि कॉम्प्युटरलाही कित्येक वर्षं अशीच कार्डं लागत. कॉम्प्युटरच्या इतिहासाचं पुस्तक घ्यायचं असेल तर त्यात जॅकार्डचं पान आहे का, एवढंच बघून घ्या.

चालू मागापाशी मात्र पुस्तकही नको आणि पोरही नको. धोटा उडतो.

९. पुस्तक वाचून लेकरानं मिक्सर उघडला. पुस्तक काढून घेऊ का?

पुस्तक राहू द्या, मिक्सर काढून घ्या. निवडतानाच बघायचं ते असं: वीज वापरणाऱ्या प्रत्येक कृतीत सेल वापरायला सांगितलं आहे का? दीड व्होल्टच्या सेलवर मोटर, दिवा, घंटी, चुंबक सगळं होतं. भिंतीतल्या २३० व्होल्टवर काही करायला सांगणारं मुलांचं पुस्तक ताबडतोब परत करा.

उघडायला काय द्यायचं याची घरची यादी दाराला चिकटवा. चावीचं घड्याळ, हातानं फिरवायचं शिलाई मशीन, सायकलची घंटी, कुलूप, सेल काढलेली खेळणी चालतील. प्लग काढलेला असला तरी मायक्रोवेव्ह आणि जुना डब्बा टीव्ही कधीच नाही, त्यांच्या आत वीज साठून राहते. मोबाइलची बॅटरी नाही, तिला टोचलं तर पेट घेते. मोटरसायकलचा शॉकअबसॉर्बर नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडेल. धाकटं भावंड घरात असेल तर बटण सेल कुलपात ठेवा. तो गिळला गेला तर वाट न बघता थेट दवाखाना.

१०. प्रयोगांचं पुस्तक आणलं, पण निम्मे प्रयोग होतच नाहीत. पोरगं चिडतं.

दोन कारणं असतात. एक म्हणजे सामान. परदेशी पुस्तक भाषांतरित करताना सामानाची यादी तशीच ठेवतात, आणि ती वस्तू ना किराणा दुकानात मिळते ना हार्डवेअरच्या. घेताना कुठलीही तीन पानं उघडून सामान वाचा. घरात नाही अशी एकापेक्षा जास्त वस्तू निघाली तर नको.

दुसरं कारण, लेखकानं स्वतः करून पाहिलेलं नसतं. करून पाहिलेल्या कृतीत ‘इथं फुगा घट्ट बसला नाही तर हवा जाते, दोरा दोनदा गुंडाळा’ अशी वाक्यं असतात. बिघडू शकतं हे जिथं लिहिलेलं आहे तेच पुस्तक घ्या.

११. यूट्यूबवर सगळं फुकट आहे. पुस्तक कशाला?

व्हिडिओ बघू द्या, त्यात वाईट काही नाही. फिरणारी गोष्ट फिरताना तिथंच दिसते. पण व्हिडिओ पुढं सरकतो, आकृती थांबते. एका हातात पाना आणि दुसरा हात ग्रीसनं माखलेला असताना फोनपेक्षा उघडं पडलेलं पान सोयीचं. आणि शेजारच्या काकांकडं जाऊन ‘हे बघा, हे असं का?’ म्हणून बोट ठेवून विचारायला पानच बरं.

१२. मुलगी आहे. तिच्यासाठी वेगळं काही?

नाही.

१३. त्याला फक्त रेल्वे हवी. दुसरं पुस्तक उघडतच नाही.

उघडू नये. रेल्वेत तरफ आहे, वाफ आहे, वीज आहे, भूगोल आहे. सोलापूरला रेल्वे १८६० साली आली, तेव्हा स्थानिक मालाची ददात नाही. इंजिनांच्या फोटोंचा अल्बम घेऊ नका. रूळ कसे बदलतात, ब्रेक कसा लागतो, सिग्नल कोण देतं हे सांगणारं घ्या.

बार्शी लाइट रेल्वेबद्दल कुठल्याही पुस्तकात पान सापडलं तर ते नक्की दाखवा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी (दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली) गाडी सुरू केली. त्याची युक्ती अशी की सगळ्या डब्यांचं आणि इंजिनाचं वजन प्रत्येक आसावर (चाकांच्या जोडीच्या दांड्यावर) सारखंच, पाच टनांच्या आत वाटलेलं ठेवायचं, म्हणजे हलक्या रुळावरून जास्त माल जातो. पुढं याच गृहस्थानं पॅराशूट बनवलं. आज तिथं मोठी लाइन आहे, पण ‘वजन वाटून दिलं तर काय होतं’ हा प्रश्न पोराला पट्टी, रबर आणि चार नाणी घेऊन सोडवता येतो.

१४. पुस्तकातला हातपंप आणि आमच्या गावातला हापसा जुळत नाही. पुस्तक चुकलं का?

बहुतेक दोन्ही बरोबर. पुस्तकात साधारणपणे उथळ पाण्याचा पंप काढतात. त्यात दट्ट्या वर, हाताजवळच असतो आणि पाणी खालून ओढलं जातं. खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दहा मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही, व्यवहारात त्याहून कमीच. आपल्याकडं बोअरचं पाणी कितीतरी खोल. म्हणून हापशाचा दट्ट्या खाली, पाण्यातच बसवलेला असतो आणि दांडा लांब सळईनं त्याला वर-खाली करतो. तिथं पाणी ओढायचं नसतं, उचलायचं असतं.

देशभर दिसणारा इंडिया मार्क टू हापसा १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तयार झाला, आणि त्याचा पाया म्हणून घेतलेला नमुना ‘सोलापूर पंप’ याच नावानं ओळखला जाई. पुढच्या वेळी गावी गेलात की हापशाच्या डोक्याचं झाकण उघडलेलं असताना, म्हणजे दुरुस्तीवाले आलेले असताना, पोराला आतली साखळी दाखवा.

१५. पोरानं पुस्तकातली चूक काढली. बाई म्हणतात पुस्तकातलंच लिही.

छापील चुका असतात, आणि काही इतक्या जुन्या आहेत की एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आल्या आहेत. दोन नेहमीच्या सांगतो.

विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा पल्ला पडतो आणि खालच्या हवेबरोबर पोचण्यासाठी ती पळते, असं लिहितात. दोन्ही हवांनी एकाच वेळी पोचायचं असा नियम कुठंच नाही. प्रत्यक्षात वरची आधी पोचते. शिवाय विमानं उलटीही उडतात.

दुसरी, ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून वर पेला उपडा घालायचा प्रयोग. ‘प्राणवायू संपला म्हणून पाणी वर चढलं’ असं उत्तर छापतात. पोराला नीट बघायला सांगा. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर झपकन चढतं, कारण तापून फुगलेली आतली हवा गार होऊन आकसते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढतं. प्राणवायू तर पेल्यात तेवढाच होता!

बाईंशी भांडू नका. पोरानं हा तीन मेणबत्त्यांचा प्रयोग वर्गात करून दाखवावा, बहुतेक बाईंनाही आवडतो. परीक्षेत काय लिहायचं ते त्यानंतर त्यांनाच विचारा.

१६. संशोधकांची, उद्योजकांची चरित्रं द्यावीत का?

यंत्र असेल तर द्या. वालचंद हिराचंद सोलापुरात १८८२ साली जन्मले आणि १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, हे सांगताना विमान कसं जुळवलं त्याचं एकही पान नसेल तर यंत्रवेडं पोर दुसऱ्या प्रकरणात झोपतं. किर्लोस्करांच्या गोष्टीत ‘लोखंडी नांगरानं जमीन नासेल’ म्हणणारे शेतकरी आणि नांगराचा फाळ, दोन्ही असतील तर ते पूर्ण वाचतं.

१७. भाच्याला भेट द्यायचंय, पण त्याला फारसं ओळखत नाही.

त्याच्या आईला फोन करा आणि एकच विचारा, शेवटचं काय मोडलं? त्यावरचं पुस्तक घ्या, सोबत चांगला स्क्रू ड्रायव्हरचा सेट. स्वस्त सेटची टोकं झिजून स्क्रूची डोकी खराब होतात, तिथं पन्नास रुपये वाचवू नका.

१८. वाचनालयाच्या पुस्तकाला ग्रीसचे डाग पडले. आता?

लपवू नका. पानाखाली कोरा कागद ठेवा, डागावर टाल्कम पावडर पसरा, वरून दुसरा कागद आणि वजन ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी मऊ ब्रशनं झटका, गरज पडली तर पुन्हा करा. पूर्ण जात नाही, पण अक्षरं वाचता येतात. परत करताना ग्रंथपालांना सांगा आणि भरपाई विचारा. आणि पुढच्या वेळी आकृतीच्या पानाची झेरॉक्स काढून तीच कामाच्या जागी न्या.